सुपावरची टिचकी

शरच्चंद्र रिसबूड या नटाला सगळा महाराष्ट्र ओळखत होता, पण त्याला द म्हणता येत नाही हे मात्र तिघांनाच ठाऊक होतं. एक खुद्द रिसबूड, दुसरे दिगंबर देवस्थळी मास्तर आणि तिसऱ्या म्हणजे मास्तरांच्या पत्नी वसुधाबाई.

म्हणता येत नाही म्हणजे अगदीच येत नाही असं नव्हे. शब्दाच्या पोटात कुठे द असला तर तो बिनबोभाट निघून जायचा. पण शब्दाच्या तोंडाशीच द आला की रिसबुडांची जीभ दातांमागे जी चिकटायची ती सुटायचीच नाही. मान ताठ व्हायची, डोळे मोठे व्हायचे आणि बघणाऱ्याला वाटायचं, या माणसाला आता फेफरं येणार. गाण्यात मात्र असं कधी झालं नाही. सुरात घातलं की देव, दया, दुःख, सगळं सुरळीत बाहेर यायचं. असं का होतं ते रिसबुडांना सांगता येत नव्हतं, आणि डॉक्टरला विचारायची त्यांची छाती नव्हती.

मास्तर वसंतविलास नाटक मंडळीत आले तेव्हा ते खरोखरीचे मास्तर होते. चिपळूणच्या शाळेतली नोकरी सोडून नाटकं लिहायची खाज भागवायला आले होते. रिसबूड तेव्हा मिसरूड न फुटलेला, लुगडं नेसून नायिका करणारा पोरगा. पहिल्याच तालमीत तो 'दासी'वर अडला. मालकांना वाटलं, पोरगा भित्रा आहे, याला घरी धाडावा. मास्तरांनी त्याच दुपारी तो प्रवेश नव्याने लिहून काढला, आणि संध्याकाळी पोरगा असा काही बोलला की मालक बघतच राहिले. पडद्यामागे जाऊन तो मास्तरांच्या पायांवर पडला. मास्तरांनी रंगदेवतेपुढच्या नारळावर हात ठेवून वचन दिलं की ही गोष्ट आपल्या तोंडून कधी बाहेर जाणार नाही.

वसुधाबाईंना ती कळली लग्नानंतर, आणि तीही मास्तरांना कामाला माणूस हवं होतं म्हणून. मास्तर खोलीत येरझारा घालत संवाद मोठ्याने म्हणायचे आणि वसुधाबाई भिंतीला टेकून सुपात तांदूळ निवडायच्या. डोळे खड्यांवर, कान मास्तरांवर. शब्दाच्या तोंडाशी द आला की सुपाच्या कडेवर टिचकी. मास्तर थांबायचे, मागे जायचे, दुसरा शब्द शोधायचे. 'दार' जाऊन 'कवाड' यायचं. 'देवा' जाऊन 'परमेश्वरा' यायचं. 'दुःख' गेलं तेव्हा मात्र मास्तरांना त्याच्या जागी काही सुचलं नाही. त्यांनी तिथे लिहिलं, नुसतं थांबावं.

आणि त्या थांबण्यावर रिसबूड मोठे झाले. हा नट दुःख तोंडाने सांगत नाही, डोळ्यांनी सांगतो, असं वर्तमानपत्रांत छापून यायचं. वसुधाबाई ते वाचायच्या आणि सूप आपटायच्या.

कारण मास्तरांचं नाव कुठेच नसायचं. नाटकाच्या हस्तपत्रकावर मालकांचं नाव जायचं, तो कंपनीचा रिवाजच होता. पुढे कंपनी मोडली, मूकपट आले आणि रिसबूड मास्तरांना घेऊन मुंबईला आले. मूकपटाचा काळ म्हणजे मास्तरांची चैन होती. चित्राच्या मधेमधे अक्षरांच्या पाट्या पडद्यावर यायच्या, त्या मास्तर लिहायचे. तोंडाने कुणाला काही म्हणायचंच नव्हतं, म्हणून मास्तरांनी देव, दैव, दारिद्र्य, दुःख, सगळ्यांची मनसोक्त हौस भागवून घेतली. नाव तिथेही नव्हतं. मग बोलपट आला, रिसबूड पांढऱ्याफटक चेहऱ्याने अंधेरीच्या घरी आले, आणि वसुधाबाईंनी माळ्यावरून सूप पुन्हा खाली काढलं. बोलपटांच्या श्रेयनामावलीत 'संवाद' या शब्दापुढे लिहिलेलं असायचं, 'कंपनीचे कथाखाते'. मास्तरांची मुलगी शुभा लग्न होऊन मुलुंडला गेली, तेव्हा तिच्या सासरी सांगितलं गेलं की वडील सिनेमा कंपनीत कारकून होते. मास्तरांनी ते खोडून काढलं नाही. वसुधाबाईंनी काढलं असतं, पण पुराव्याला दाखवायला त्यांच्याकडे एक सूप होतं.

रिसबुडांनी एकदा तोंडाने सांगितलं असतं तर काम झालं असतं. सांगणार कसं? नाव दिगंबर, आडनाव देवस्थळी, वडिलांचं नाव दामोदर. नशिबाने सगळीकडून वाट बंद करून ठेवली होती. रिसबूड त्यांना नुसतं मास्तर म्हणायचे, पण नाटकसिनेमाच्या धंद्यात मास्तर शेकड्यांनी. पेटीचे मास्तर, तालमीचे मास्तर, नाचाचे मास्तर. जाहीर सभेत 'माझे मास्तर' म्हटलं तर लोकांनी कुणालाही हार घातला असता.

तोंडाने नाही तर हाताने लिहायचं होतं, असं वसुधाबाई एकदा फणकाऱ्याने म्हणाल्या होत्या. मास्तर म्हणाले, लिहिलं की लोक विचारणार, मग तोंडाने का नाही म्हणालात इतकी वर्षं? भितो गं तो. वसुधाबाईंच्या मनातून मात्र ते गेलं नाही.

छप्पन्न साली रिसबुडांना साठ वर्षं पूर्ण झाली आणि अंधेरीकरांनी शाळेच्या पटांगणावर त्यांचा जाहीर सत्कार करायचं ठरवलं. मास्तरांकडे काम येणं तेव्हा कधीच थांबलं होतं. घरामागच्या स्टुडिओत आता दुसरे लोक दुसऱ्या भाषेतले संवाद लिहीत होते. मास्तरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, छातीत दमा होता, आणि तरी रिसबुडांची मोटार दाराशी थांबली तेव्हा ते सदरा बदलायला आत पळाले.

रिसबूड खाटेवर बसले, वसुधाबाईंनी केलेलं थालीपीठ आवडीने खाल्लं आणि म्हणाले, "मास्तर, भाषण करायला लावलंय मला. तुमच्याशिवाय कोण लिहिणार? आभाराचं लिहा. कुणी राहायला नको."

वसुधाबाईंनी पुढच्याच आठवड्यात सूप घेतलं आणि भिंतीला टेकल्या. किती वर्षांनी खोलीत तो आवाज घुमला. मास्तरांचा दम चार पावलांत संपत होता, तरी ते उभ्यानेच म्हणत होते, आणि रिसबुडांच्याच आवाजात म्हणत होते. कंपनीच्या मालकांचे आभार झाले. गाणं शिकवणाऱ्या बुवांचे झाले, छायालेखकाचे झाले, रंग लावणाऱ्या माणसाचे झाले. तो दत्तू नावाचा होता, तिथे टिचकी पडली आणि मास्तरांनी 'आमचे रंगभूषाकार' केलं. मग जनताजनार्दनाला नमस्कार आला आणि भाषण संपलं. वसुधाबाईंचं बोट सुपाच्या कडेवर तसंच राहिलं.

"आणि तुमचं?" त्यांनी विचारलं.

"माझं काय?"

"नाव."

मास्तर हसले. "घातलं असतं तर तूच टिचकी मारली असतीस."

वसुधाबाई उठल्या आणि तांदूळ धुवायला घेतले. इतक्या जोराने धुतले की अर्धे मोरीत गेले. या माणसाने जगाला बोलायला शब्द दिले आणि त्याच्या स्वतःच्या नावाला जगात जागा नाही, याचं त्यांना रडू येत होतं. आज नाही तर पुन्हा कधीच नाही, हेही कळत होतं. मास्तरांची छाती रोज सकाळी कशी वाजते ते त्याच ऐकत होत्या.

भाषणाचे कागद पोचवायचे होते. मास्तरांना दम्याने बाहेर पडवेना, म्हणून वसुधाबाई सांताक्रूझला रिसबुडांच्या बंगल्यावर गेल्या. कागद हातात दिले आणि खुर्चीच्या कडेवर बसून राहिल्या. रिसबुडांनी विचारलं, वहिनी, काही हवंय का? तेव्हा त्या म्हणाल्या, "भावोजी, मी कधी काही मागितलं नाही. एकदा ह्यांचं नाव घ्या. चारचौघांत."

रिसबुडांनी कागदांची घडी करून ती टेबलावर ठेवली. मग हळूच म्हणाले, "वहिनी, मला वाटत नाही असं नाही. रोज आरशासमोर म्हणून बघतो. एकटा असलो की येतंही कधीकधी."

"मग तसंच म्हणा."

"अडलो तर?"

"अडलात तर अडलात. साठीचे झालात, भावोजी. आता कोण कंपनीतून काढणार आहे तुम्हांला?"

"म्हणतो," रिसबूड म्हणाले. "खरंच म्हणतो, वहिनी."

ही चूक दुसऱ्या कुणी केली नसती. दुसऱ्या कुणाला ठाऊकच नव्हतं. ज्या बाईने इतकी वर्षं टिचक्या मारून त्या माणसाला वाचवलं, तिलाच वाटलं की मनात माया असली की जीभ सुटते. बसमध्ये त्या एकट्याच हसत होत्या. घरी आल्यावर मास्तरांना त्यांनी यातलं अक्षर सांगितलं नाही. शुभाला मात्र मुलुंडला निरोप धाडला, की जावईबापूंना घेऊन सत्काराला यायचंच, आणि पुढच्या रांगेत बसायचं.

सत्काराच्या दिवशी पटांगण फुलून गेलं होतं. पार्ल्यापासून बोरिवलीपर्यंतची माणसं लोटली होती. ऊन उतरलं होतं, मांडवाच्या कनातींतून गार वारा येत होता आणि मास्तर मफलर गुंडाळून दुसऱ्या रांगेत बसले होते. एका बाजूला वसुधाबाई, दुसऱ्या बाजूला शुभा आणि तिचा नवरा श्यामकांत. पहिल्या रांगेत बसायला मास्तरांनी साफ नकार दिला होता. शाल झाली, श्रीफळ झालं, पाहुण्यांची भाषणं झाली. पाहुण्यांपैकी एक जण म्हणाले की, रिसबुडांनी दुःख हा शब्द न उच्चारता आपल्याला दुःख शिकवलं. टाळ्या पडल्या. मास्तरांनीही वाजवल्या. वसुधाबाईंनी हात मांडीवर घट्ट धरून ठेवले.

मग रिसबूड उभे राहिले. भाषण अगदी लिहिल्याप्रमाणे चाललं होतं. मास्तरांचे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते. मालक झाले, बुवा झाले, छायालेखक झाला, रंगभूषाकार झाले. आता जनताजनार्दन येणार म्हणून मास्तर पाठ टेकून बसले, आणि रिसबुडांनी कागद बाजूला ठेवला.

"एक माणूस राहिला," ते म्हणाले. "या माणसाने मला बोलायला शिकवलं. मी आयुष्यभर बोललो ते त्याचं बोललो. त्याचं नाव मी आजवर घेतलं नाही. आज घेतो."

मास्तरांनी वसुधाबाईंकडे पाहिलं. त्या समोर बघत होत्या आणि त्यांचे डोळे भरून आले होते. शुभाने आईचा हात धरला. तिला अजून काही कळलेलं नव्हतं, पण काहीतरी येतंय एवढं कळलं होतं.

"त्यांचं नाव," रिसबूड म्हणाले, "दि…"

आणि अडले.

कर्ण्यातून नुसता श्वास ऐकू आला. पुन्हा "दि" आलं आणि पुन्हा थांबलं. रिसबुडांची मान ताठ झाली. डोळे मोठे झाले. मग मागे कुणीतरी खुसखुसलं. अध्यक्ष खुर्चीतून अर्धे उठले आणि पाण्याचा पेला शोधू लागले. वसुधाबाईंना वाटलं, आपण हे काय केलं. म्हातारा माणूस साऱ्या गावासमोर उघडा पडत होता, आणि त्याला इथे उभं त्यांनी केलं होतं. तरीही, मनाच्या अगदी तळाशी, त्या देवाला विनवत होत्या की एकदा सुटू दे. एवढं एकदा.

तेवढ्यात शेजारची खुर्ची करकरली. मास्तर उभे राहिले होते. मफलर गळून खाली पडला होता. आणि त्या फुटक्या, दम्याने खरवडलेल्या आवाजात त्यांनी गायला सुरुवात केली.

"सांग सखे, दूर दिवा कोण लावितो…"

वसंतविलासच्या नाटकातलं ते पद सगळ्यांच्या ओळखीचं होतं. जुन्या लोकांच्या घरात त्याची तबकडी होती. मास्तरांना सूर कधी नव्हताच, ते भलत्याच पट्टीत गात होते, पण रिसबुडांची नजर त्यांच्यावर गेली आणि ती तिथेच थांबली. तालमीत पोरगा अडला की असाच बघायचा. तीच ओळ पुन्हा आली तेव्हा रिसबुडांनी सूर धरला. त्यांचं तोंड सुटलं. "दूर दिवा कोण लावितो," ते गायले, आणि त्यातला 'दि' इतका स्वच्छ, इतका गोल लागला की वसुधाबाईंनी डोळे मिटून घेतले. तोच 'दि' होता. तो आता दिव्याला मिळाला होता.

मांडवाने सुटकेचा श्वास सोडला. लोकांना वाटलं, रिसबुडांचा कंठ दाटून आला होता, म्हणून शब्द फुटेना, आणि आता गाण्यातून वाट मिळाली. बायका डोळ्यांना पदर लावू लागल्या. सगळं पटांगण ताल धरून बसलं. मास्तर अजून उभेच होते, अजून गातच होते, आणि त्यांचा बेसूर मधेमधे ऐकू येत होता. मागच्या रांगेतला एक गृहस्थ पुढे वाकून म्हणाला, "ओ आजोबा, बसा ना आता खाली. त्यांना गाऊ द्या. आम्ही त्यांचं ऐकायला आलोय."

मास्तर खाली बसले. मफलर उचलून मांडीवर घेतला.

तो गृहस्थ वसुधाबाईंकडे वळला. रागावला नव्हता, उत्सुकतेनेच विचारत होता. "कोण हो हे? तुमच्याबरोबर आहेत का?"

वसुधाबाईंनी तोंड उघडलं. सांगायला सगळं होतं. हे पद ह्यांचं, ते नाटक ह्यांचं, तो नट ह्यांचा. नाव सांगायचं, एवढंच काम होतं. पण लग्नात उखाण्यात घेतलं होतं तेवढंच, त्यानंतर ते नाव त्यांच्या जिभेवर कधी आलं नव्हतं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं असं आईने शिकवलं होतं आणि त्यांनी कधी घेतलं नाही. ती जीभ आता वळेना.

"आमचे हे आहेत," त्या म्हणाल्या.

गृहस्थाने मान हलवली आणि पुन्हा गाण्याकडे लक्ष दिलं.

गाणं संपल्यावर टाळ्या किती वेळ पडत होत्या. रिसबूड नमस्कार करून खाली बसले ते चेहरा शालीत घालूनच. ते नाव कुणाचं होतं, हे नंतर कुणी त्यांना विचारलं नाही, आणि गर्दीतून त्यांची मोटार निघून गेली. शुभा आणि श्यामकांतला मुलुंड गाठायचं होतं. जाताना श्यामकांत आपला समजुतीने म्हणाला की, बाबांना जुनं गाणं ऐकून राहवलं नसेल, पण असं मधेच उठायला नको होतं. शुभा आईकडे बघत होती. "आई, तू मला काय ऐकायला बोलावलं होतंस?" तिने विचारलं. वसुधाबाई म्हणाल्या, हेच गं, गाणं.

दोघं हळूहळू घरी आले. मास्तर खाटेवर बसले, खोकून झालं, पाणी पिऊन झालं. वसुधाबाईंनी दिवा लावला आणि सवयीने सूप पुढे ओढून सकाळचे तांदूळ निवडायला घेतले. हातांना काहीतरी काम हवं होतं.

"तू सांगितलंस ना त्याला?" मास्तरांनी विचारलं.

"हो."

मास्तर रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "किती घाबरला होता बिचारा." मग थोडं थांबून, लहान मुलासारखे म्हणाले, "पण ऐकलंस ना तू? माझंच नाव घेत होता तो. दोनदा."

"एक अक्षर आलं हो नुसतं."

"इतक्या वर्षांत तेवढं तरी कुणी घेतलं होतं का?"

वसुधाबाईंना सुपातले तांदूळ दिसेनात. आयुष्यभर त्यांनी रिसबुडांवर राग धरला होता, की इतकं देणाऱ्या माणसाचं नाव याच्या तोंडून येत नाही. आणि आज सरळ प्रश्न विचारला गेला तेव्हा त्यांच्या तोंडून काय आलं? आमचे हे. रिसबूड निदान अडले तरी, त्यांनी तर सुरुवातही केली नव्हती. मास्तरांनी ते ऐकलं होतं. शेजारीच बसले होते ते.

त्यांनी सूप बाजूला ठेवलं नाही. मांडीवर तसंच धरून, खाली बघत, त्या बोलल्या. उखाणा नाही, यमक नाही. शाळेत हजेरी घेतात तसं.

"दिगंबर दामोदर देवस्थळी."

मास्तरांनी बोटांवर मोजलं.

"तीन टिचक्या झाल्या," ते म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून रडू लागले.